कारण मी सांगू शकत नाही

चि. सोनूस,


परवा फोनवर तू वैतागून म्हणालीस, "मामा, अशील खोटंच बोलतात. बाई तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलं. आधी म्हणाली मारहाण दिवाळीच्या आधी झाली, मग म्हणाली नंतर. तारीख विचारली की गप्प. आणि सांगते कशी, तर शेजारणीच्या घरात घडलंय असं. डोळ्यांत टिपूस नाही." तुझे सिनियर त्यावर हसले आणि म्हणाले, सवय होईल.

सवय होते, हे खरं आहे. मला भीती वाटते ती त्याचीच. फोनवर नीट सांगता येईना म्हणून लिहायला बसलोय.

मी वकील नाही. सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी केली; साहेब सांगत, मी टाइप करी. आधी कार्बन घालून मशीनवर, पुढं संगणकावर. पण भरल्या कोर्टात साक्षीदाराच्या तोंडाकडं सगळ्यांत जास्त वेळ बघणारा माणूस लघुलेखकच असतो. वकील कागदात बघत असतात, साहेब पुढचं वाक्य जुळवत असतात, आरोपी पंख्याकडं बघत असतो. टायपिस्टाला मात्र वाक्य कानावर पडेपर्यंत दुसरं काही कामच नसतं.

एक साक्ष सांगतो. बांधावरून भावकीत भांडण झालं आणि एक तरणा पोरगा मेला. आई समोर होती. सरतपासात तिनं बरं सांगितलं. मग उलटतपास सुरू झाला.

"हे सगळं किती वेळ चाललं होतं?"

"लई वेळ."

"लई म्हणजे? पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास?"

बाई गप्प. प्रश्न पुन्हा आला. "लई वेळ, साहेब. सरतच नव्हतं."

"मग अर्धा तास धरायचा का?"

बाईनं मान हलवली. मान हलवलेली कागदावर येत नाही. साहेबांनी सांगितलं, मी टाइप केलं: "सदर प्रकार सुमारे अर्धा तास चालू होता." शेजारच्या वावरातला साक्षीदार आदल्या तारखेला सांगून गेला होता की ओरडा ऐकून मी पळत आलो, तोवर सगळं आटोपलं होतं. त्याचं वावर हाकेच्या अंतरावर. म्हणजे दोन-तीन मिनिटांचा प्रकार. झाली विसंगती तयार.

मग कुऱ्हाड. कोणत्या हातात होती? पोलिसांच्या जबाबात उजव्या, कोर्टात डाव्या. वार किती? जबाबात दोन, कोर्टात "मोजलं न्हाई". न विचारता मात्र तिनं एक गोष्ट सांगितली. पोराच्या पायातली चप्पल पाटात पडली आणि वाहत गेली. पार वळणापर्यंत गेली आणि तिथं बाभळीच्या फांदीला अडकली. साहेब म्हणाले, "बाई, विचारलं तेवढंच सांगा." चपलेचं ते वाक्य रेकॉर्डवर गेलं नाही.

शेवटी आली ती नेहमीची वाक्यं, माझ्या बोटांना पाठ असलेली. "आज मी जे सांगितले ते पोलिसांच्या जबाबात का लिहिलेले नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही. हे म्हणणे खरे नाही की, मी घटनेच्या वेळी हजर नव्हते. हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे." आरोपी सुटले. एकट्या तिच्या साक्षीमुळं सुटले असं नाही, तपासही भोंगळ होता. पण निकालपत्रात तो "अर्धा तास" होताच.

त्या बाईला कारण सांगता आलं नाही, पण कारण होतं. ते तिला माहीत असण्याची गरज नव्हती. ते माहीत असायला हवं होतं तिच्या बाजूनं उभ्या असलेल्या वकिलांना. ते तिला त्याच सकाळी व्हरांड्यात भेटले होते, आणखी पाच-सहा साक्षीदारांच्या घोळक्यात. फेरतपास घेतला नाही. "मिनिटांचा अंदाज तुम्हाला आहे का?" एवढा एक प्रश्न विचारला असता तरी पुष्कळ झालं असतं.

निवृत्तीनंतर वेळ होता, तेव्हा मी या कारणाबद्दल थोडं वाचलं. माणसाच्या जिवावर बेततं तेव्हा मेंदूतला धोका ओळखणारा भाग, अमिग्डाला, सगळा ताबा घेतो. घडलेल्या गोष्टीला वेळ, जागा आणि क्रम लावून ठेवण्याचं काम हिप्पोकॅम्पस करतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याचं काम विस्कळीत होतं. म्हणून आठवण राहते ती तुकड्यांनी. एखादा तुकडा इतका लख्ख की वीस वर्षांनीही पुसत नाही: वास, आवाज, वाहणारी चप्पल. त्याच्या शेजारचा तुकडा नाहीच. आधी काय आणि मग काय, किती वेळ, कोणता हात, यात गोंधळ. लक्ष ज्यावर खिळलं तेवढं राहतं, बाकीचं जातं, नाहीतर बदलतं. तुम्हा लोकांचा सगळा उलटतपास नेमका त्या बाकीच्यावर चालतो!

हे सगळ्यांचं सारखं होत नाही. कुणी सगळं घडाघडा सांगतो, कुणी हसत सांगतो. हो, हसत. मी पाहिलंय, आणि पिंजऱ्यात हसलेल्या बाईकडं सगळं कोर्ट कसं बघतं तेही पाहिलंय. कुणी तुझ्या अशिलासारखा कोरडा होतो. दुखणं आवरायचा तो शरीराचा एक मार्ग आहे; त्यातून खरं-खोटं काही ठरत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं २८० कलम तुला पाठ असेल: साक्षीदाराच्या वागण्यासंबंधी महत्त्वाचं वाटेल ते न्यायाधीशांनी नोंदवावं. चांगलं कलम आहे. पण वागण्यावरून काय वाचायचं हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल तरच.

आणि ओरडली का नाही, पळाली का नाही, हा तर आपल्याकडचा पेटंट प्रश्न. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ७० टक्के जणींनी सांगितलं की हल्ल्याच्या वेळी शरीर थिजून गेलं होतं, हलता येत नव्हतं, आवाज फुटत नव्हता. ठरवून गप्प बसणं वेगळं आणि हे वेगळं. आता या अभ्यासासमोर आपल्याच महाराष्ट्रातला एक निकाल ठेव. देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, २६ मार्च १९७२ ची रात्र. मथुरा प्रकरण लॉ कॉलेजात तू शिकलीच असशील: मथुरा नावाच्या मुलीवर ठाण्यातच दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. भीतीपोटी निमूट सहन करणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हटलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं ते उलटवलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार नाही, आरडाओरडा केल्याचं पटत नाही. एक अल्पवयीन आदिवासी मुलगी, रात्रीची वेळ, ठाण्यात पोलीस, आणि आपण विचारतोय की ती ओरडली का नाही.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९७९ मध्ये, कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार. त्या पत्रानंतर देशभर मोर्चे निघाले, १९८३ ला कायदा बदलला, आणि पोलिसांच्या ताब्यातल्या बाईनं संमती नव्हती म्हटलं तर नव्हतीच असं गृहीत धरायचं ठरलं. पुढं २०१३ च्या दुरुस्तीत स्पष्टच लिहिलं की अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानायची नाही. भारतीय न्याय संहितेतही ते आहे. कायदा तिथवर पोचला. माणसं पोचली का? २०२१ मध्ये म्हापशाच्या सत्र न्यायालयानं एका संपादकांना बलात्काराच्या आरोपातून निर्दोष सोडलं. त्यांचा दोष होता की नव्हता यात मी शिरत नाही, गोवा सरकारनं त्यावर अपील केलं. पण त्या निकालपत्रात घटनेनंतरच्या फोटोंत तक्रारदार बाई हसऱ्या दिसतात, अत्याचार झालेली बाई अशी वागत नाही, या अर्थाची चर्चा आहे, ती जरूर वाच. मथुरेच्या वेळी जखमा शोधल्या, इथं चेहरा. मधे जवळजवळ पन्नास वर्षं गेली.

आता तुझ्या टेबलाकडं येतो, कारण खरं काम तिथं आहे. साक्ष बिघडते ती कोर्टात असं सगळ्यांना वाटतं. माझं मत असं की ती वकिलाच्या टेबलावर आधीच बिघडलेली असते.

तुझं टेबल म्हणजे सिनियरांच्या चेंबरमधला कोपरा, मला माहीत आहे. बाकावर आणखी दोन अशील, कारकून झेरॉक्सचे सुटे पैसे मागतोय, आणि तू त्या बाईला विचारतेस, "नेमकं काय केलं त्यांनी?" कोण सांगेल? वर तिच्याबरोबर चुलत दीर आलेला. चांगला माणूस असेल, त्यानंच तिला गाडीवर बसवून आणलं असेल. तरी त्याला चहाला पाठव. अशील वकिलाला जे सांगतो ते गुप्त राहतं, हे तू आणि मी जाणतो. तिला कुणी सांगितलंय? पहिल्याच भेटीत तेवढं सांग, आणि दिरालाही यातलं काही कळणार नाही हेही सांग. भेटीतली पहिली दहा मिनिटं कागदांत घाल. रेशनकार्ड, आधार, लग्नाची पत्रिका, मुलांचे दाखले. बायका कागद पिशवीत नीट घडी घालून आणतात, ते दाखवताना त्यांचा हात स्थिर होतो. मग बोलणं.

सुरुवात तारखेनं करू नकोस. गोष्ट तिला हवी तिथून सुरू होऊ दे, मधूनच निघाली तरी चालेल. क्रम लावणं हे तुझं काम, आणि ते नंतर कागदावर होतं. आमच्या कोर्टातले एक जुने वकील तारीख काढायचे ती सणावरून आणि शेतावरून. "पोळ्याच्या आधी की नंतर? गौरी बसल्या होत्या का? तूर काढून झाली होती का? धाकटा बालवाडीत जात होता की घरीच?" त्या चार उत्तरांतून महिना निघायचा, पुष्कळदा आठवडाही. ते हे पुस्तकात वाचून करत नव्हते. त्यांना माणसं कळत होती. तुझ्या अशिलाला "दिवाळीच्या आधी की नंतर" सांगता येत नाही, याचं कारण बहुधा असं असेल की मारहाण आधीही झाली आणि नंतरही झाली. रोजच्या माराच्या तारखा कोण लिहून ठेवतं? तिला एक प्रसंग विचार. पहिला विचार, सगळ्यांत भीती वाटली तो विचार, शेवटचा विचार. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालच्या अर्जाला तेवढं पुरतं.

"तेव्हाच माहेरी का गेला नाहीत?" हा प्रश्न तू विचारशील, विचारावाच लागेल. पण तो तिनं सासूकडून, भावाकडून, हवालदाराकडून ऐकलेला आहे, आणि दर वेळी त्याचा अर्थ "चूक तुझीच" असाच होता. म्हणून आधी सांग: समोरचे वकील हे विचारणार आहेत, तुमचं उत्तर मला आधी कळलेलं बरं. एवढ्यानं तोच प्रश्न वेगळा होतो. "का" ऐवजी "तेव्हा घरात कोण होतं, पैसे कुणाजवळ होते, मुलं कुठं होती" असं विचारलंस तर "का"चं उत्तर आपोआप हाती येतं, आणि ते कोर्टात टिकतं.

बलात्काराच्या किंवा पोक्सोच्या प्रकरणात मूळ फिर्यादीकडून वकीलपत्र घेतलंस तर आधी सगळे कागद वाच, मग बोलाव. फिर्याद देताना ती पोलिसांना सांगते, दवाखान्यात डॉक्टरला सांगते, मग दंडाधिकाऱ्यांसमोर, जुनं १६४, आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं १८३. प्रत्येकानं "पहिल्यापासून सांगा" म्हटलेलं असतं. त्यात तू आणखी एकदा कशाला? शिवाय प्रत्येक वेळच्या सांगण्यात थोडा फरक पडतो, आणि तो फरक उद्या ऑमिशन म्हणून, म्हणजे आधीच्या जबाबात नव्हतं म्हणून, काढला जातो. कागद वाचून फक्त तुटलेल्या जागा विचार.

बोलता बोलता नजर एका जागी थांबली, श्वास वर वर व्हायला लागला, उत्तर प्रश्नाला सोडून यायला लागलं, की थांब. "पुढं काय झालं" म्हणून रेटू नकोस. पाणी दे, खिडकी उघड, गावाचं नाव विचार, आज कशानं आलात ते विचार. आणि घड्याळाकडं लक्ष असू दे. संध्याकाळी पाच वाजता सगळं उकरून काढायचं आणि साडेपाचच्या एसटीत एकटीला बसवून द्यायचं, हे मी फार पाहिलं. अवघड बोलणं सकाळी ठेव.

आणखी एक. अशील तारखेला येत नाही, फोन उचलत नाही, म्हणजे तिला गांभीर्य नाही, असं तुम्ही फार लवकर ठरवता. कोर्टाची पायरी म्हणजे पुन्हा ते सगळं. टाळणं हा त्या दुखण्याचाच भाग आहे. कोर्ट कसं असतं ते आधी नेऊन दाखव. पुकारा कसा होतो, तुम्ही कुठं उभ्या राहाल, आरोपी कुठं बसेल, त्याचे नातेवाईक व्हरांड्यात त्याच बाकावर असतील. ऐनवेळी दिसण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

तू म्हणशील, मामा, हे साक्षीदार पढवणं झालं. नाही झालं. काय उत्तर द्यायचं ते सांगणं म्हणजे पढवणं. पढवलेला साक्षीदार तर मला दोन वाक्यांत कळायचा. "सदर इसमाने" म्हणणारी म्हातारी कुठल्या गावात भेटते? पण प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारायला सांगता येतं, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणता येतं, मिनिटांत सांगता येत नसेल तर तसं म्हणता येतं, आकडा समोरच्यानं सुचवला म्हणून घ्यायचा नसतो, हे अशिलाला सांगणं तुझं कर्तव्य आहे. त्या आईला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

दुसरी शंका मला स्वतःलाच नेहमी येते. उद्या प्रत्येक विसंगतीला धक्क्याचं कारण जोडलं तर खोटं ओळखायचं कसं? खोट्या फिर्यादी असतात, मी टाइप केल्यात. मनावर घाव आहे एवढ्यानं माणूस खरा ठरत नाही, आणि खऱ्या घाव बसलेल्या माणसाचीही आरोपी ओळखण्यात चूक होऊ शकते. म्हणून विश्वास ठेव असं मी म्हणतच नाही. मी एवढंच म्हणतो की तारीख चुकली, रडली नाही, उशिरा आली, यांना खोटेपणाचा पुरावा समजू नकोस. ते बाजूला ठेवलं की खऱ्या कसोट्या उरतात: फोनचे रेकॉर्ड, दवाखान्याचे कागद, शेजारी, तिनं पहिल्यांदा कुणाला सांगितलं ते. मेहनत त्यात आहे. "तुम्ही खोटं बोलताय" असं चारदा म्हणण्यात नाही.

उद्या तू आरोपीच्या बाजूनं उभी राहशील. राहायलाच हवं. तेव्हा उलटतपास सौम्य कर असं मी सांगणार नाही, तुझ्या अशिलाचं आयुष्य त्यावर असतं. पण अपमान आणि उलटतपास या दोन गोष्टी आहेत. तिच्या पूर्वीच्या संबंधांवर प्रश्न कायद्यानं बंद आहेत. पोक्सोत तर मुलाला वकिलानं थेट प्रश्न विचारायचाच नसतो, न्यायाधीशांमार्फत विचारायचा. आमच्याकडं एक बचावाचे वकील होते, आवाज कधी चढला नाही, साक्षीदाराला "ताई" म्हणत, मोजके प्रश्न विचारून बसत. ओरडणाऱ्यांपेक्षा त्यांचे आरोपी जास्त सुटले, असं माझं मत. घाबरलेला साक्षीदार काहीही बोलतो, आणि त्यातलं निम्मं तुमच्याच विरुद्ध जातं.

आणि आरोपी! धक्का फक्त फिर्यादीलाच बसतो असं सगळे धरून चालतात. विधी सेवा प्राधिकरणाकडून तुला पहिली फौजदारी केस येईल ती चोरीची येईल, आणि आपल्या भागात आरोपी पारधी समाजातला असण्याचा संभव बराच. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत होती, हजेरी द्यावी लागे. १९५२ ला कायदा गेला. पण कुठं घरफोडी झाली की पहाटे गाडी अजून पालावरच येते. त्या पालात वाढलेला पोरगा तुझ्या पुढ्यात उभा राहील आणि तू जे विचारशील त्याला "होय साहेब" म्हणेल. तू बाई असलीस तरी साहेबच. "तू तिथं होतास?" होय. "नव्हतास ना?" होय. त्याला प्रश्न कळत नाही असं नाही. काळा कोट आणि खाकी यांच्यापुढं "नाही" म्हटलं की काय होतं, हे त्याचं अंग लहानपणीच शिकलंय.

रिमांडच्या वेळी दंडाधिकारी विचारतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?" मागं दोन फुटांवर तोच अंमलदार उभा असतो, ज्याच्याबरोबर त्याला परत जायचं आहे. "तक्रार नाही." रोजनाम्यात नोंद होते. तू आधी त्याला बाजूला घे, अटक झालेल्याला वकिलाला भेटायचा हक्क आहे. उत्तर "हो-नाही"त येईल असं विचारू नकोस. "काल रात्री जेवलास का, झोपलास कुठं, उठता-बसताना कुठं दुखतं" असं विचार. चालण्याकडं बघ. काही दिसलं तर बोलायचं काम तुझं, त्याचं नव्हे. वैद्यकीय तपासणीचा अर्ज तिथंच लिहून दे. नुसत्या "तक्रार नाही" या दोन शब्दांवर पुढं किती निकाल उभे राहतात ते मी टाइप करून सांगतोय.

कायद्यानं तुझ्या हातात काय दिलंय ते तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस, फक्त वापरत नाहीस तुम्ही. पडदा लावा, प्रश्न लिहून द्या, हे सर्वोच्च न्यायालयानं 'साक्षी' नावाच्या प्रकरणात २००४ सालीच सांगितलंय. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारच्याच अपिलात, एका मूकबधिर आणि मतिमंद मुलीच्या प्रकरणात, असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रं काढायला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. २०२२ ला स्मृती तुकाराम बडदे प्रकरणात त्याची व्याप्ती वाढवली: फक्त मुलं नव्हेत, लैंगिक अत्याचार झालेली कोणत्याही वयाची व्यक्ती, मनोरुग्ण, अपंग, जिवाला धोका असलेला साक्षीदार, सगळे त्यात आले. तुमच्या जिल्ह्यात तशी खोली असेल तर आधी जाऊन बघून ये. काही ठिकाणी खोली झकपक असते, भिंतीवर कार्टून असतात आणि किल्ली नाझराकडं. अर्ज केल्याशिवाय ती उघडत नाही. अर्ज कर. अत्याचारग्रस्तांना मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्जही विसरू नकोस; पैशांपेक्षा समुपदेशन लवकर मिळणं मोलाचं असतं, आणि ते तू स्वतः करायचं नसतं. तू वकील आहेस. ऐकून घेणं तुझं, उपचार दुसऱ्याचे. हॉस्पिटलात, कुटुंब न्यायालयात, पोलीस आयुक्तालयातल्या विशेष कक्षात त्या कामाला शिकलेली माणसं बसतात, त्यांचे नंबर टेबलाच्या काचेखाली ठेव.

तुझे सिनियर म्हणतील, एवढा वेळ कुठाय? बोर्डावर रोज तीस-चाळीस प्रकरणं. खरंय. पण तासभर ऐकलं नाही म्हणून नंतर जे दुरुस्तीचे अर्ज, साक्षीदार पुन्हा बोलवायचे अर्ज, वाढलेल्या तारखा आणि शेवटी अपील, ते सगळं मी टाइप केलेलं आहे. वेळ वाचलेला मला तरी दिसला नाही.

तुझं स्वतःचं थोडं. एका लहान मुलीची साक्ष टाइप केल्यावर मला पुष्कळ दिवस जेवताना ताटावरून उठावं लागायचं. मामीला वाटलं अ‍ॅसिडिटी. आम्ही नुसतं ऐकत होतो; तुला तर विचारायचंही आहे. वकील मंडळी हे कबूल करत नाहीत. मग कुणी संध्याकाळी बसायला लागतो, कुणी घरी मुलांवर खेकसतो, आणि कुणी तुझ्या सिनियरांसारखा हसतो. अशिलाची गोष्ट बाहेर सांगायची नाही हे बरोबर, पण आपल्याला झोप येत नाही एवढं सांगायला बंदी नाही. आईला सांगू नकोस, ती सनद परत करायला लावेल. मला सांग.

हे पत्र सिनियरांना दाखवायला माझी हरकत नाही. चिडले तर म्हणावं मामांना फोन करा. त्यांच्या उमेदीच्या काळातल्या बऱ्याच उलटतपासण्या माझ्याच हातच्या आहेत, आणि कोणत्या साक्षीदाराला ते काय काय म्हणाले होते ते मला अजून आठवतं.

तुझा,
मामा